खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: दोन फुटी की तीन फुटी?

खाडीकाठचा: गप्पी, मॉली, एंजल सगळं पाळून झालं. आता समुद्रातल्या क्लाउन माशांची जोडी ठेवायचीय. दुकानदार म्हणतो २×१×१ फूट घ्या, स्वस्तात सुटाल. मित्र म्हणतो तीन फुटीच्या खाली नादच करू नकोस. ठाणे, तिसरा मजला. कोणाचं ऐकू?

मृगजळ: मित्राचं! दोन फुटीत मावतं जेमतेम ५५ लिटर. दगड-वाळू टाकली की उरतं ४५. दगडामागे एखादी गोगलगाय मेली नि दिसली नाही, तर माशांना विषारी असलेला अमोनिया रातोरात चढतो. ३×१.५×१.५ मध्ये १९० लिटर, सावरायला सवड मिळते. त्यात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. छोट्या टाकीत क्षारता भरकन वाढते.

काळं मीठ: अमोनियाचं कबूल. बाष्पीभवनाचं मात्र लोक उगाच फुगवून सांगतात. पाणी पृष्ठभागावरून उडतं, त्यामुळे टाकी किती खोल ते बघायचं, लिटर नाही. पातळी अर्धा इंच उतरली तर फूटभर खोल टाकीतलं ४ टक्के पाणी गेलं, दीड फूट खोल टाकीतलं पावणेतीन. क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) ३५ वरून एकीकडे साडेछत्तीस, दुसरीकडे ३६. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत आरओचं गोडं पाणी ओता. मिठाचं नाही हं, नवखे हमखास तेच ओततात.

आता बादल्यांचं बोला. दहा टक्के पाणी बदलायचं तर छोटीत ५ लिटर, मोठीत १९ लिटर आणि दर वेळी पाऊण किलोच्या आसपास मीठ. पहिल्या पावसाळ्यापर्यंत हौस टिकते, मग कंटाळा. मेमध्ये छोटी टाकी साध्या पंख्यावर निभावते, मोठीला पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, लागतं.

मृगजळ: पंख्याने पाणी अजून उडतं, ते सोयीस्कर विसरलात. आणि दिवाळीत चार दिवस गावाला गेल्यावर रेघेपर्यंत कोण ओतणार? शेजारच्या काकू?

चौथाई: मध्येच बोलतो. तीन फुटी म्हणजे स्टँडसकट अडीचशे किलोच्या घरात. भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवा. बाल्कनीत अजिबात नको.

काळं मीठ: शेवटी कुठले मासे, त्यावर सगळं. फक्त क्लाउनची जोडीच ना?

खाडीकाठचा: हो. म्हणजे… मुलीला तो निळा टँग मासापण हवाय.

मृगजळ: तो वाढून फूटभर होतो. तीन फुटीही विसरा.

काळं मीठ: इथे एकमत. आधी मुलीशी बोला, मग दुकानदाराशी.