जहाजमालकांच्या संघटना फक्त मेंबरपुरत्याच का?

उरणची मावशी: माझा भाचा सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) काढून दीड वर्ष घरी बसला होता, शेवटी बेलापूरच्या एका एजंटला तीन लाख मोजले तेव्हा कुठे एका जुनाट टँकरवर चढला, आता पाच महिने झाले पगाराचा पत्ता नाही. बहीण फाइल घेऊन मुंबईत मालकांच्या एका संघटनेत जाऊन आली, तिथे यादी बघून सांगितलं की ही कंपनी आमची मेंबर नाही. झालं, विषय संपला. सरकारकडे सवलती मागताना हे अख्ख्या शिपिंगच्या नावाने बोलतात, मग फसलेल्या पोराच्या वेळी मेंबरशिप कशी आडवी येते?

विरारचा सेकंड इंजिनीअर: मावशी, वाचून वाईट वाटलं, पण राग चुकीच्या दारात काढताय. खलाशी भरणाऱ्या एजंटला लायसन (आरपीएसएल) डीजी शिपिंग हे सरकारी खातं देतं, आणि आरपीएसएलवाल्याला भरतीसाठी पोरांकडून पैसे घ्यायला मनाईच आहे, संघटना कुणाचं लायसन रद्द करू शकत नाही. 2020 ला कोविडमध्ये मी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर अकरा महिने अडकलो, बंदरात लागलो की जेटीवरची माणसं दिसायची पण गँगवे उतरायची परवानगी नाही. घरी आलो ते चार्टर विमानाने, कंपन्याकंपन्यांची पोरं एकत्र करून संघटनेनेच ते ठरवलं होतं. एकट्या मालकाला जमलं असतं का?

भाऊचा धक्का: इन्सा, म्हणजे भारतीय जहाजमालकांची संघटना, 1929 ची. 2018 ला परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजांना आपल्या किनाऱ्यावर कंटेनर वाहायची सूट मिळाली तेव्हा तिने विरोध केला. मालकांनी स्वतःचंच बघितलं म्हणा, पण भारतीय झेंडा टिकला तर कामं आपल्याच पोरांना ना?

जुना बोसन: झेंड्याचं नंतर बघू, आधी पोराचं बघा. मावशी, एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दोन महिने पगार थकला की मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असंच धरतात, आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळतो, 2017 पासून. हा नियम मालकांच्या आणि खलाशांच्या संघटनांनी आयएलओत (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत) समोरासमोर बसून ठरवलाय, तेव्हा मेंबर कोण विचारलं नव्हतं, म्हणून मला तुमचंच पटतं. विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर लावलेलं असतं, त्याचा फोटो मागवा.

उरणची मावशी: बोसनदादा, आत्ताच फोटो आला. मेसरूममध्ये लावलंय खरं, पण तारीख मार्चमध्येच संपलीय. सेकंड साहेब, निदान अशा जहाजांची नावं तरी संघटनेने दारावर लावावीत, त्याला कुठलं लायसन लागतं?