घर डोंगराकडे घेताय, तर ओझोनही बघा
‘डाउनटाउनपासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी घर बघा, हवा स्वच्छ मिळेल’ असा सल्ला लॉस एंजेलिसमध्ये घर शोधणाऱ्यांना नेहमी मिळतो. तो काजळीपुरता ठीक. ओझोनच्या, म्हणजे जमिनीलगतच्या हवेत तयार होणाऱ्या, घशाला त्रास देणाऱ्या वायूच्या बाबतीत इथे गणित उलटं आहे. तो गाडीच्या धुरातून थेट येत नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग वगैरेंच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की तयार होतो, आणि त्याला काही तास लागतात. तेवढ्यात समुद्रावरचा वारा सगळी हवा पूर्वेला ढकलतो आणि ती सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांना अडते. उलट हमरस्त्यालगत गाड्यांच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइडच ओझोन खाऊन टाकतो.

आम्ही त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, रेडलंड्सला राहतो. ऑगस्टात दुपारी आकाश निळंशार असतं आणि तरी मुलं सॉकरहून घसा खवखवतोय म्हणत येतात. म्हणून आता सराव सकाळी असतो. लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या दशकात ओझोन कसा मोजत माहितीय? रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि ओझोनमुळे तिला चिरा पडायला किती मिनिटं लागतात ते बघायचं! आणि हो, एन-९५ मास्कच्या भरवशावर राहू नका, तो कण अडवतो, वायू नाही. दुपारी खिडक्या बंद ठेवा, फिरायला सकाळी जा.