नजर गेलेल्या आईला कचरा वेगळा करता यावा म्हणून घरात काय सोय करावी?

पर्वतीकर_लेक
आईची नजर काचबिंदूने जवळपास गेलीय, उजेड-अंधार तेवढा कळतो. स्वयंपाक अजून तीच करते. सोसायटीने जिन्याखाली हिरवा आणि निळा डबा ठेवलाय, दोन्ही एकाच मापाचे, झाकणं पण तशीच, फरक काय तो रंगाचा. सुक्यात भाजीची देठं सापडली म्हणून ग्रुपवर आमचा फ्लॅट नंबर टाकून मेसेज आला, तेव्हापासून ती म्हणते कचरा तूच टाकत जा. मला ते नकोय हो, तिचं तिला करता आलं पाहिजे. कोणी काही केलंय का?

पांढरी_काठी
ताई, मी आणि बायको दोघंही जन्मापासून अंध, घर आम्हीच चालवतो. घरातले डबे एकसारखे ठेवूच नका. आमच्याकडे ओल्याला झाकणाचा स्टीलचा डबा ओट्याखाली आणि सुक्याला मोठी पिशवी दारामागे खिळ्याला, आणि जागा एकदा ठरली की पाहुण्यांनी, मावशींनी कोणीच हलवायची नाही, सगळा घोळ तिथेच होतो. वस्तू ओळखायला हात-कान पुरतात, दुधाची पिशवी मऊ लागते, वेफर्सचं पाकीट चुरचुरतं, डबा पत्र्याचा आहे का ते लोहचुंबक लावून कळतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा, सुटा तुकडा ओट्यावरून कुठे जातो ते डोळसांनाही सापडत नाही. सेल आणि उरलेली औषधं वेगळ्या बरणीत, झाकणाला रबरबँड.

सुका_वार
वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी कचरावेचक ताईंसोबत काम करते, फुटकी काच आणि ब्लेडने त्यांचे हात कापतात म्हणून तेवढं सांगते. पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगतात, पण तो ठिपका आईंना काढता येणार कसा? काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळून सुतळीची गाठ मारा, आणि गाठ म्हणजे जपून, हे घ्यायला येणाऱ्या ताईंना एकदा सांगून ठेवा. खालच्या डब्यांचं काम मात्र कमिटीचं आहे. घनकचरा नियमांनी वर्गीकरण प्रत्येक घरावर टाकलंय आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सुगमतेचा आग्रह आहे, दोन्हीचा हवाला देऊन लेखी अर्ज द्या. ब्रेलचा हट्ट नको, उतारवयात नजर गेलेल्यांना बहुतेकदा ब्रेल येत नाही. ओल्याच्या झाकणाला जाड काथ्या गुंडाळा, सुक्याच्या झाकणावर बाटलीची बुचं चिकटवा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि नंबर टाकून मेसेज करायचा प्रकार आधी बंद करायला सांगा, फार वाईट वाटलं वाचून.

पर्वतीकर_लेक
खूप आभार दोघांचे! आईला वाचून दाखवलं, तिने लगेच बरणी काढायला लावली. अर्ज आजच देते. तेलाची पिशवी तेवढी राहिली, तिचे हात बरबटतात म्हणून ती वैतागते.

पांढरी_काठी
पिशवी वाटीवर उलटी टांगून रात्रभर निथळू द्या, मग आत मूठभर कणीक टाकून बाहेरून चोळा. तेल कणकेत उतरतं, ती पोळ्यांना वापरा, आणि पिशवी साबणाने एकदा धुतली की सुक्यात.