मुका मार बरा होताना त्याच जागी खाज आणि पुरळ: मदत हवी आहे

माझ्या आईचे वय ६४ असून हृदयविकारामुळे ती रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेते, त्यामुळे थोडेसे लागले तरी तिच्या अंगावर काळेनिळे डाग पडतात. डाग निळसर असेपर्यंत काही त्रास होत नाही. मात्र तो हिरवट-पिवळा होऊ लागला की नेमक्या तेवढ्याच जागेत बारीक, लाल, उंचवट्याचे पुरळ उठते आणि रात्री खाजेने तिची झोप मोडते.

वेदनाशामक जेलची ॲलर्जी असावी, असे आधी वाटले. पण मांडीवरच्या ज्या डागाला काहीच लावले नव्हते, तिथेही पुरळ आले. साबण बदलला, खोबरेल तेल लावून पाहिले, उपयोग झाला नाही. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, पुरळ राहते. काचेचा पेला दाबून धरल्यास लाली फिकी होते. ताप, सांधेदुखी, कावीळ किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काही नाही. प्लेटलेट, रक्त गोठण्याची, यकृताची व साखरेची तपासणी सामान्य आहे. नवे औषध सुरू केलेले नाही आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन थांबवता येणार नाही.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, तरी तोवर चिंता वाटते. साकळलेले रक्त शरीरात विरघळताना त्वचेला अशी खाज सुटल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि त्यासाठी बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करावी लागली की साध्या मलमावर भागले?