मदत हवी आहे: वडोदरा, भावाची एचआयव्हीची औषधं खाजगीतून सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीवरच्या उपचाराचं केंद्र) हलवायची आहेत

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. भावजयीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आम्हा तिघांशिवाय घरात कुणाला माहीत नाही.

भाऊ मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ठेकेदाराकडे कामाला आहे. खाडा पडला की त्या दिवसाचा रोज गेला. शिवाय सरकारी दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. म्हणून तो खाजगीत जातो आणि फी, गोळ्या, तपासण्या यांत पगार संपतो. मध्यंतरी हातात पैसे नव्हते म्हणून त्याने गोळ्याच आणल्या नाहीत, हे भावजयीकडून कळलं. तेव्हापासून मला चैन नाही. असा खंड पडत राहिला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि पुढची औषधं आणखी महाग.

त्याला वाटतं, फुकटचं औषध हलकं असणार. पण तो घेतो ती टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) गोळी सरकारीतही मिळते. २००१ साली सिप्ला या आपल्या भारतीय कंपनीने एचआयव्हीचं वर्षाचं औषध ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. ते काही हलकं औषध नव्हतं! आपल्याकडे २००४ पासून सरकारीत एचआयव्हीचं औषध फुकट आहे, आणि २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी लगेच सुरू करतात.

इथल्या सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या सेंटरचा कुणाला अनुभव आहे का? खाजगीचे कागद चालतात का? दर महिन्याला खाडा करावाच लागेल का? त्यांना मूल हवंय, त्यामुळे भावजयीची काळजी जास्त. २०११ च्या मोठ्या अभ्यासात लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे त्याची गोळी चुकली तर धोका तिलाही.

प्रतिसाद:

ताई, मी एआरटी सेंटरमध्ये समुपदेशक होतो. जुने रिपोर्ट आणि चालू चिठ्ठी घेऊन जा, पण तोवर गोळ्या थांबवू नका. सुरुवातीला नोंदणी, समुपदेशन आणि रक्ततपासणीत वेळ जातो. पुढे तब्येत स्थिर असली आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला असला की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. व्हायरल लोडची तपासणीही तिथे फुकट होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार उघड करता येत नाही. भावजयीची तपासणी ठरल्या वेळी करत राहा. मुलाचा विचार व्हायरल लोड बघून डॉक्टरांशी बोलूनच करा. काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि मध्ये गोळ्या सुटल्या होत्या हे डॉक्टरांना आधी सांगायला लावा, त्यावरूनच ते पुढची तपासणी ठरवतील.