‘कारण सापडत नाही’ म्हणजे नेमकं काय शोधलं होतं?

सूक्ष्मदर्शी

काल इथे एक लेख आला. त्याचं म्हणणं असं: जोडप्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील तर कारण शोधत बसू नका, सरळ आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) करा. आणि करताच आहात तर इक्सी (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं), गर्भाशयाच्या अस्तराचं स्क्रॅचिंग, ईआरए (अस्तराची जनुकीय तपासणी), पीजीटी-ए (भ्रूणातल्या गुणसूत्रांची तपासणी) हे सगळं एकदमच उरकून घ्या. त्यावर प्रतिसाद लिहायला घेतला, तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. लेख वाचून डोकं तापलं होतं हे आधीच सांगतो.

‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे काय? बीज बाहेर पडतंय, नलिका मोकळ्या आहेत, वीर्य तपासणीचे आकडे मर्यादेच्या वर आहेत. बस्स, एवढंच. शुक्राणू बीजात शिरू शकतो का, भ्रूणातली गुणसूत्रं धड आहेत का, ओटीपोटात एन्डोमेट्रिओसिसचे (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचे) बारीक ठिपके आहेत का, यातलं काहीच या तीन तपासण्यांत दिसत नाही. म्हणजे ‘अस्पष्ट वंध्यत्व’ हे निदान नव्हे. आपण कुठवर शोधलं आणि कुठे थांबलो, एवढंच त्यातून कळतं.

आता त्या यादीकडे येऊ. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढला की भरून येताना ते गर्भाला अधिक अनुकूल होतं, अशी कल्पना होती. 2019 मध्ये 1364 स्त्रियांवरची मोठी चाचणी आली. स्क्रॅचिंग केलेल्या गटात जिवंत मूल होण्याचं प्रमाण 26.1 टक्के, न केलेल्यात 26.1 टक्के. दशांशसुद्धा हलला नाही. ईआरएमध्ये एका सरावाच्या सायकलमध्ये अस्तराचा तुकडा काढतात, त्यातली जनुकं वाचतात आणि भ्रूण सोडण्याची वेळ पुढे-मागे करतात. 2022 च्या चाचणीत वेळ बदललेल्या गटात जिवंत जन्म 58.5 टक्के, न बदललेल्यात 61.9. यातलं काय उरकून घ्यायचं?

रानजाई

स्क्रॅचिंग आणि ईआरएबद्दल शंभर टक्के सहमत. पण इक्सीला त्याच पंगतीत बसवू नका. भ्रूणशाळेत काय होतं ते बघा. बीजं आणि शुक्राणू एकत्र ठेवल्यावर 16 ते 18 तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असतं. प्रत्येक बीजात दोन प्रोन्यूक्लियस (एक बीजाचं, एक शुक्राणूचं केंद्रक) दिसायला हवेत. काही वेळा बारा बीजांपैकी एकातही ते नसतात. सगळं सायकल गेलं. त्या क्षणी उशिराने इक्सी करता येते, पण बीज तोवर म्हातारं झालेलं असतं आणि निकाल वाईट येतात. ज्यांचं कारणच सापडलेलं नाही, त्यांच्यात शुक्राणू बीजाच्या कवचाला चिकटत नसण्याची शक्यता आपण आधी तपासलेलीच नसते. मग निम्मी बीजं साध्या पद्धतीने, निम्मी इक्सीने, असं केलं तर गैर काय?

तळटीप

गैर असं की ‘निम्मी-निम्मी’ म्हणता म्हणता सगळीच इक्सी होऊन जाते. 1992 मध्ये ब्रसेल्सहून इक्सीची पहिली बाळं जाहीर झाली, ती शुक्राणूंच्या गंभीर दोषासाठी. 2021 मध्ये व्हिएतनाममध्ये शुक्राणूंची संख्या आणि गती ठीक असलेल्या 1064 जोडप्यांवर चाचणी झाली. जिवंत जन्म इक्सीत 35 टक्के, साध्या आयव्हीएफमध्ये 31. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आणि इक्सीचं ओझंही असतं. बीजाभोवतीच्या पेशी सोलाव्या लागतात, मेटाफेज-दोनला पोचलेलीच, म्हणजे पूर्ण पिकलेलीच बीजं वापरता येतात, सुई शिरताना काही फुटतात.

पहिल्याच सायकलमध्ये, निषेचन फसल्याचा इतिहास नसताना, इक्सी लावण्याला पुरावा नाही.

रानजाई

35 आणि 31 मध्ये फरक सिद्ध झाला नाही, याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही, हे तुम्हीच इथे कितीदा सांगितलंय. तरीही तुमचं शेवटचं वाक्य मान्य करते. आधीच्या सायकलमध्ये निषेचन फसलं असेल तर मात्र माझा मुद्दा जसाच्या तसा उभा आहे.

कातळ

धागाकर्ते वय विसरले. अडतिसाव्या वर्षी आलेल्या बाईला ‘पुरावा येईपर्यंत थांबा’ सांगणं म्हणजे तिच्या हातातला वेळ काढून घेणं. या वयात बीजांमधल्या गुणसूत्रांचे दोष झपाट्याने वाढतात. तिथे पीजीटी-ए केलं तर निदान कुचकामी भ्रूण सोडण्यात महिने जात नाहीत. 2021 च्या चिनी चाचणीत गर्भपाताचं प्रमाण 12.6 टक्क्यांवरून 8.7 वर आलं होतं. तोही फायदाच आहे. गर्भपात सोसावा लागणारी बाई तो आकडा टक्केवारी म्हणून वाचत नाही.

तळटीप

त्याच चाचणीचा दुसरा आकडा का गाळलात? 1212 स्त्रिया, एकूण जिवंत जन्म पीजीटी-ए गटात 77.2 टक्के, न केलेल्यात 81.8. शिवाय त्या सगळ्या 20 ते 37 वयाच्या, प्रत्येकीकडे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे भ्रूण). तुमच्या अडतीस वर्षांच्या बाईबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही, ना तुमच्या बाजूने ना माझ्या.

आणि ‘कुचकामी भ्रूण’ हा शब्द जपून वापरा. बायॉप्सीत बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी निघतात, त्या थराची पुढे वार होते. बाळ ज्या आतल्या पुंजक्यातून घडतं त्याला हातही लागत नाही. काही पेशी सदोष, काही धड, असे मिश्र भ्रूण 2015 मध्ये इटलीत 18 स्त्रियांमध्ये सोडले गेले, त्यातून 6 निरोगी बाळं झाली. आधीच्या नियमाने ती सगळी भ्रूणं टाकून दिली गेली असती.

कातळ

वयाचा मुद्दा बरोबर धरलात, ती चाचणी मी इथे वापरायला नको होती. पण गर्भपात कमी झाले हे खरंच आहे, आणि माझं म्हणणं तेवढंच होतं. मिश्र भ्रूणं आता कुणी सरसकट टाकत नाही.

रेघ

मूळ प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली आहे. वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे कुणी आणि कसा मोजला? सगळा डोलारा त्या कागदावर उभा आहे आणि तो कागद बऱ्याचदा अंदाजपंचे असतो.

बरोबर पद्धत अशी. नमुना 37 अंशांवर ठेवायचा, साधारण अर्ध्या तासात तो पातळ होतो, आणि तासाभरात गतीची तपासणी सुरू झाली पाहिजे. संख्येसाठी 50 मायक्रोलिटर वीर्य 950 मायक्रोलिटर फिक्सेटिव्हमध्ये (शुक्राणू स्थिर करणाऱ्या द्रावणात). वीर्य चिकट असतं, म्हणून साधं पिपेट कमी ओढतं. दट्ट्याने थेट द्रव ओढणारं पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट लागतं. मग न्यूबाउअर चेंबर, म्हणजे मोजणीची चौकोन आखलेली काच, शंभर मायक्रोमीटर खोल. भरल्यावर ओलसर डबीत किमान 4 मिनिटं ठेवायचं, शुक्राणू तळाला बसू द्यायचे. मोठ्या चौकोनाला तिहेरी रेघ असते, त्यातली मधली रेघ ही हद्द. ज्याचं डोकं खालच्या किंवा डावीकडच्या हद्दीवर पडलंय तो मोजायचा, वरच्या किंवा उजवीकडच्या रेघेवरचा सोडून द्यायचा. नाहीतर एकच शुक्राणू दोन चौकोनांत मोजला जातो.

चेंबरच्या प्रत्येक बाजूला किमान 200 मोजायचे, दोनदा. दोन्ही मिळून 400 झाले तर दोन मोजण्यांतला फरक 39 पेक्षा जास्त नको. जास्त आला तर पुन्हा नव्याने भरा. हे किती जण करतात?

कातळ

एवढ्याने निदान बदलतं का? रुग्णाला 15 आहे की 17 आहे, फरक काय पडतो?

रेघ

नेमका तिथेच पडतो, मर्यादा 16 ची आहे. 25 शुक्राणू मोजून थांबलात तर चूक वर्गमुळाने येते, म्हणजे 5, म्हणजे 20 टक्के. 95 टक्के खात्रीची मर्यादा धरली तर जवळपास 40 टक्के. मिलीला 15 दशलक्ष असा रिपोर्ट आला तर खरा आकडा 9 असू शकतो, 21 असू शकतो. 400 मोजले तर तोच आकडा साडेतेरा ते साडेसोळाच्या आत राहतो. एक रिपोर्ट पुरुषाला सदोष ठरवतो, दुसरा नॉर्मल, आणि नॉर्मल निघाला की बाईच्या तपासण्यांची रांग लागते. इथे अस्पष्ट कारणाचं जे रडगाणं चाललंय त्यातलं बरंचसं त्या 25 मध्ये आहे, हे मी ठामपणे सांगतो.

सूक्ष्मदर्शी

+१. याला जोडून वर्ज्य दिवसांचं, म्हणजे नमुन्याआधी वीर्यपात टाळायच्या दिवसांचं. दोन ते सात दिवस पाळायचे, हे सगळ्यांना पाठ असतं, पण नेमके किती पाळले ते कुणी विचारत नाही. जास्त दिवस गेले की संख्या वाढते आणि डीएनएचं तुटणंही वाढतं. नमुन्याचा पहिला भाग सांडला तर ते सांगायला संकोच वाटतो, पण बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का, हेही विचारा. शुक्राणू घडायला साधारण 74 दिवस लागतात, त्यावर वाहिनीतून बाहेर यायला आणखी. आजचा नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. म्हणून एका वाईट रिपोर्टवर निर्णय नको, पुन्हा करा.

शिळीभाकर

धागा भरकटतोय हे कळतंय, तरी बोलतो. 1992 पासून ‘शुक्राणू निम्म्यावर आले’ चाललंय. मिलीला 113 दशलक्षावरून 66 वर. नंतर 2022 च्या विश्लेषणात 101 वरून 49. तुमच्याच हिशोबाने जुन्या प्रयोगशाळांची मोजणी अशी, तर या घसरणीवर विश्वास का ठेवायचा?

रेघ

कारण त्या नंतरच्या विश्लेषणात फक्त मोजणी-चेंबर वापरलेले अभ्यास घेतले आहेत. मोजणीचा यादृच्छिक गोंधळ सरासरीत विरतो, एका माणसाच्या रिपोर्टमध्ये विरत नाही. माझी तक्रार एका माणसाच्या रिपोर्टबद्दल आहे. दोन गोष्टी एकत्र बांधू नका.

शिळीभाकर

पद्धतशीर चूक सरासरीत विरत नाही. पिपेट कमी ओढत असेल तर सगळ्यांचं कमी ओढेल, हे वर तुम्हीच लिहिलंय.

रेघ

तो मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण कमी ओढणाऱ्या पिपेटने आकडा खाली येतो, आणि जुनी उपकरणं जास्त कमी ओढत असतील तर जुने आकडे खाली असायला हवे होते. मग खरी घसरण दिसते त्याहून मोठी ठरेल. तुमच्या बाजूला मदत होत नाही.

तळटीप

आणि 49 सुद्धा खालच्या मर्यादेच्या तिप्पट आहे. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत मिलीला 16 दशलक्ष, पुढे जाणारी गती 30 टक्के, सामान्य आकार 4 टक्के. हे आकडे वर्षाच्या आत बाप झालेल्या पुरुषांमधले खालचे पाच टक्के वगळून काढलेत. त्या पाच टक्क्यांनाही मुलं झालीच होती. 14 आला म्हणून वंध्य आणि 18 आला म्हणून निश्चिंत, दोन्ही चूक.

रानजाई

माझा एक राग इथेच काढते. व्यायामशाळेतली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच (अंडकोषाला चालना देणारी हॉर्मोन्स) थांबवतो, अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे रक्तापेक्षा कितीतरी जास्त लागतं, ते कोसळतं, आणि शुक्राणू शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 200 मिलिग्रॅम देऊन हे गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, निम्म्याहून जास्त पुरुष सहा महिन्यांत शून्यावर आले. आणि इथे संख्या कमी म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून देणारे आहेत! बंद केल्यावर परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्त.

सूक्ष्मदर्शी

झिंक-फॉलिकच्या पुड्याही त्यातच घ्या. 30 मिलिग्रॅम झिंक, 5 मिलिग्रॅम फॉलिक, 2370 पुरुष, सहा महिने. जिवंत जन्म 34 टक्के, औषध नसलेल्या नकली गोळीवर 35.

कातळ

सगळं नाकारून झालं. मग अस्पष्ट कारण असलेल्या जोडप्याला द्यायचं काय, तेवढं सांगा.

सूक्ष्मदर्शी

विचारलंत ते बरं झालं. वय हाताशी असेल तर आधी बीजवृद्धीची गोळी आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं). 2018 मध्ये न्यूझीलंडमधल्या 201 जोडप्यांत तीन सायकलनंतर 31 टक्के मूल, नुसतं थांबलेल्यांत 9. नलिकांची तपासणी करायचीच असेल तर तेलाचा कॉन्ट्रास्ट (एक्स-रेमध्ये नलिका दिसाव्यात म्हणून सोडतात तो द्रव). 2017 च्या डच चाचणीत 1119 स्त्रियांमध्ये तेलाने जिवंत जन्म 38.8 टक्के, पाण्याच्या कॉन्ट्रास्टने 28.1. तेलात आयोडीन असतं, म्हणून थायरॉइड आधी आणि नंतर बघायचं.

तुमच्या अडतीस वर्षांच्या बाईला मात्र वर्षभर आययूआयवर अडकवू नये, इथे तुमचंच बरोबर. तिला आयव्हीएफ लवकर द्या. नुसतं आयव्हीएफ, आणि त्याआधी नवऱ्याची वीर्य तपासणी दोनदा, दोनशे-दोनशे मोजून.

रेघ

आणि संख्या शून्य आली तर त्या कागदावर ‘शून्य’ लिहिण्याआधी नमुना 3000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 3000 पट जोराने) 15 मिनिटं फिरवून तळाचा गाळ बघा. त्या गाळात एखादा सापडला तर शस्त्रक्रियेआधी पुढचा नमुना गोठवून ठेवता येतो. नाहीच सापडला तर वाय गुणसूत्राचं सूक्ष्म विलोपन तपासा, म्हणजे त्याच्या एझेडएफ भागातला (ए, बी, सी) कुठला तुकडा गळलाय का ते. एझेडएफसी असेल तर अंडकोषातून शुक्राणू मिळण्याची आशा असते. एझेडएफए किंवा पूर्ण एझेडएफबी असेल तर चिरा पाडू नका.