ओलांतायतांबोला दीड तास कमीच

माचू पिक्चूची ट्रेन पकडण्याआधी दीड तासात ओलांतायतांबो (पेरूतलं इंकांचं जुनं गाव आणि त्यावरचे किल्ल्यासारखे अवशेष) उरकेल का, असं विचारलंयत. उरकेल, पण मग नुसतं उरकणंच होईल. उंची २,८०० मीटरच्या आसपास आणि पायऱ्या खड्या, त्यामुळे वर पोचेपर्यंतच दमछाक होते (गुडघे कुरकुरत असतील तर आणखी वेळ धरा). खरी गंमत वरच आहे. सूर्यमंदिराच्या भिंतीत सहा अजस्र गुलाबी शिळा उभ्या आहेत आणि दोन शिळांमध्ये दगडाचीच अरुंद पट्टी बसवलेली. एका शिळेवर पायऱ्यांची झिजलेली नक्षी दिसते, ती तिरप्या उन्हात बघा. या शिळा नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणल्या. काही वाटेतच पडून राहिल्या, मंदिरही अर्धवटच राहिलं. १५३७ मध्ये इंकांचा राजा मांको इंकाने स्पॅनिश फौजेला इथूनच पिटाळलं होतं.

माझ्या मते किमान तीन तास द्या, जमल्यास गावात मुक्कामच करा. दुपारी टूरच्या बसेस येऊन थडकतात, सकाळी लवकर गेलात तर निवांतपणा मिळेल. समोरच्या पिंकुय्युना डोंगरावरची इंकांची धान्यकोठारं फुकटात बघता येतात. पावसात मात्र तिथे जाऊ नका, वाट निसरडी होते.